राखीव पाच टक्के

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहणाऱ्या यज्ञेश्वर हेरवाडकरांना त्यांच्या स्वतःच्या संगणकाने एका गुरुवारी सकाळी 'जागा शिल्लक नाही' असं सांगितलं, आणि ते त्यांनी फारच मनाला लावून घेतलं. शिल्लक नाही असं दुसऱ्याला सांगण्याचं काम आयुष्यभर त्यांचं होतं. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत "पाणी आहे, पण राखीव आहे" हे वाक्य त्यांनी टेबलासमोर उभ्या राहिलेल्या इतक्या माणसांना ऐकवलं होतं, की निरोप समारंभात शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाने त्याचीच नक्कल करून टाळ्या घेतल्या. यज्ञेश्वररावही तेव्हा हसले. घरी आल्यावर शालीची घडी घालताना मात्र म्हणाले, "ते पाणी राखलं म्हणून मे महिन्यात ह्यांच्या नळाला धार होती. हे कोणी बोललं नाही."

तर आता ही जागा. संगणक मुलाने, म्हणजे उन्मेषने, बंगळूरला जाताना घरी ठेवला होता. जाण्यापूर्वी त्यात त्याने लिनक्स घातलं. फुकट आहे आणि व्हायरसची कटकट नाही, ही दोन कारणं वडिलांना पटतील याची त्याला खात्री होती, आणि ती पटलीही. त्या संगणकात आजवर दोनच गोष्टी साठत आल्या होत्या. एक म्हणजे यज्ञेश्वररावांचे फोटो. धरणं, कालवे, दरवाजे, उद्घाटनाचे नारळ आणि निरोपाची शाल, सगळं स्कॅन करून घातलेलं, आणि प्रत्येकाच्या तीन प्रती. एक मूळ, एक दुय्यम आणि एक कार्यालयीन. आता कार्यालय उरलं नव्हतं, पण म्हणून कार्यालयीन प्रत ठेवायची नाही हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या पत्नीचा, लीलाबाईंचा, आवाज. लीलाबाई हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. कागलची निशिगंधा नावाची एक मुलगी कोल्हापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नाही. बाकीची पुस्तकं तिला ऐकायला मिळाली, पण अर्थशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक कुठेच वाचून ठेवलेलं नव्हतं. ते लीलाबाई रोज थोडं थोडं वाचत आणि रेकॉर्ड करत. फोनवर करून पाहिलं, पण भिशीच्या बायका नेमक्या दारिद्र्यरेषेच्या मध्येच फोन करायच्या. म्हणून उन्मेषने एक चांगला माइक पाठवला आणि काम संगणकावर आलं. झालेली प्रकरणं निशिगंधा येऊन पेनड्राइव्हवर घेऊन जायची.

या कामात यज्ञेश्वररावांना जागा नव्हती, आणि त्याला कारण होतं. सुरुवातीला एक प्रकरण त्यांनी हौसेने वाचून दिलं होतं. निशिगंधा ते ऐकून आली आणि फार अदबीने म्हणाली, "काका, लई स्पष्ट वाचता तुम्ही. पण नोटीस वाचल्यागत वाटतंय." लीलाबाई हसू दाबायला स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसापासून वाचन सुरू झालं की यज्ञेश्वरराव पेपर घेऊन गॅलरीत बसत आणि आपण अपमान कधीच विसरलो आहोत असं दाखवत.

परीक्षेला आता थोडेच दिवस उरले होते, पाच प्रकरणं व्हायची होती, आणि संगणक म्हणत होता जागा नाही.

"तुमच्या त्या कार्यालयीन प्रती काढून टाका की," लीलाबाई म्हणाल्या.

"मग दुय्यम प्रत खराब झाली तर?"

"तर मूळ आहे ना!"

"आणि मूळ खराब झाली तर?" यज्ञेश्वरराव म्हणाले. लीलाबाई भाकऱ्या करत होत्या. दोघांच्या हिशेबापेक्षा दोन भाकऱ्या जास्त करायच्या ही त्यांची लग्नापासूनची पद्धत. ह्या दोन कुणासाठी, असं यज्ञेश्वररावांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "येतं कुणीतरी," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि बहुतेक दिवशी कुणीतरी यायचंच. न आल्यास संध्याकाळी त्यांचा कुस्करा व्हायचा आणि तो यज्ञेश्वररावांनाच खावा लागायचा, म्हणून त्यांचं याबाबतीतलं मत अजून प्रतिकूल होतं.

संध्याकाळी उन्मेषला फोन लावला. तो कसल्यातरी घाईत होता, पण वडिलांचा आवाज ऐकून थांबला. म्हणाला, "बाबा, डिस्क खरं तर भरलेली नाही. तिच्यातले पाच टक्के राखीव असतात. तुमच्या डिस्कवर पंचवीस जीबी तरी होतील."

यज्ञेश्वरराव ताठ बसले. "राखीव? कुणासाठी?"

"रूटसाठी."

"हा रूट कोण?"

"म्हणजे मुख्य मालक, बाबा. संगणकाचा."

"आणि मग मी कोण?"

खोटं बोलायची उन्मेषला सवय नव्हती. "तुम्ही वापरकर्ते," तो म्हणाला.

घराची घरपट्टी यज्ञेश्वर हेरवाडकर भरत होते, विजेचं बिल त्यांच्या नावावर येत होतं, टेबलसुद्धा त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं. आणि त्या टेबलावरच्या डब्यात कोणी रूट नावाचा माणूस, ज्याला त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पंचवीस जीबी अडवून बसला होता. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांना राखीव म्हणून परत पाठवलं, त्याला आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे आहोत असं पहिल्यांदाच वाटलं, आणि ती बाजू त्याला अजिबात आवडली नाही.

उन्मेषने उपाय सांगितला. डिस्कवर काय कुठे ठेवायचं याची एक व्यवस्था असते, तिला फाइलसिस्टीम म्हणतात. तिच्या सवयी बदलायचं एक अवजार असतं, ट्यून-टू-एफएस नावाचं. ते चित्रांवर टिचक्या मारून चालत नाही. काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात हुकूम टाइप करायचा. "शेवटी एक हा आकडा घाला," तो म्हणाला. "पाचाचा एक टक्का होईल. पुरे आहे." हुकूम यज्ञेश्वररावांनी उतरवून घेतला आणि दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी हुकूम द्यायच्या वेळी खोलीत चार माणसं होती. एकटं बसून काही करायचं ही पेठेची रीतच नव्हे. खालच्या अंगाला बाळासोचा दुधाचा कट्टा होता. म्हशीचं निरसं दूध प्यायला सकाळ-संध्याकाळ तिथे गर्दी असे. तो दूध घालायला वर आला तो काळी खिडकी बघून थांबला. वरच्या मजल्यावरच्या अंबूबाई, ज्यांचं भजनी मंडळ साऱ्या पेठेला ऐकू जाई, त्या विरजण मागायला आल्या होत्या. त्याही बसल्या. लीलाबाई दारात उभ्या होत्या.

यज्ञेश्वररावांनी हुकूम टाइप केला. संगणकाने परवलीचा शब्द विचारला. ते टाइप करू लागले, पण पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही.

"कीबोर्ड गेला वाटतं," ते म्हणाले.

"काल लाइट गेलती, त्यातच गेला बगा," अंबूबाई म्हणाल्या. "आमचा मिक्सर बी तसाच गेला."

"जोरात दाबा की, सायेब," बाळासो म्हणाला. "घाबरताय कशाला त्येला!"

जोरात दाबूनही काही दिसेना. पुन्हा बंगळूरला फोन. "बाबा, तो शब्द दिसत नसतोच. टाइप करत राहा आणि एंटर दाबा."

"दिसत नाही तर बरोबर पडतोय हे कसं कळणार?"

"विश्वास ठेवा."

विश्वासावर काम करायची यज्ञेश्वररावांना सवय नव्हती. त्यांच्या खात्यात विश्वासालासुद्धा दोन साक्षीदार लागत. पण दुसरा मार्ग नव्हता. शब्द टाकला, एंटरवर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात बाळासो वाकून म्हणाला, "ह्यो एक कशाला ठेवलासा शेवटाला?"

"तेवढा एक टक्का त्या रूटला."

"कोण रूट?"

यज्ञेश्वररावांनी सांगितलं. बाळासो पोटापासून हसला. "आवो, घर तुमचं, मशीन तुमचं, आन् टक्का त्येला? बिनभाड्याचा पोटभाडेकरू झाला की ह्यो! शून्य करा. हाकला त्येला!"

आता खरं म्हणजे धरणात तळाशी थोडं पाणी का ठेवतात, हे सगळ्या पेठेत एका माणसाला नीट माहीत होतं, आणि तो माणूस तिथेच खुर्चीत बसला होता. दुसऱ्या कुणाच्या धरणाची गोष्ट असती तर त्याने मान हलवून नकार दिला असता. पण 'वापरकर्ता' हा शब्द काल संध्याकाळपासून त्यांना बोचत होता. त्यांनी हुकूम नव्याने लिहिला, एकाच्या जागी शून्य घातलं आणि एंटर दाबला. संगणकाने एका ओळीत, इंग्रजीत, राखीव हिस्सा शून्य केल्याचं कळवलं. ना आभार, ना अभिनंदन. पण जागा मोकळी झाली होती, पंचवीस जीबी. लीलाबाईंनी त्याच दुपारी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.

इथेच ते थांबले असते तर गोष्ट संपली असती. पण संध्याकाळी यज्ञेश्वरराव दूध प्यायला कट्ट्यावर उतरले आणि बाळासोने सगळ्यांच्या देखत विचारलं, "मग सायेब, किती सोडलं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा, दरवाजे उघडल्याच्या थाटात, त्यांनी उत्तर दिलं, "पंचवीस सोडलं."

झालं. दुसऱ्या दिवशी बाळासो पोरीच्या लग्नाची शूटिंग घेऊन वर आला. तीन कॅमेऱ्यांची, अक्षता ते पाठवणी, एकही मिनिट न कापलेली. "फोनमदी मावंना, सायेब. तुमच्यात ठिवा की चार दिवस." यज्ञेश्वरराव काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "माझा आज्जा कुरुंदवाडास्नं तुमच्या हापिसात पाण्यासाठी यायचा. तीस वर्सं न्हाय म्हनलासा तुम्ही. आता तरी एकदा व्हय म्हना!"

तो हे हसतच म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण यज्ञेश्वररावांना तो म्हातारा आठवला की नाही ठाऊक नाही, एवढं खरं की त्यांच्या तोंडून होकार गेला आणि तो जाताना त्यांना फार बरं वाटलं. होकार देणं इतकं सोपं असतं आणि समोरच्याचा चेहरा त्याने इतका उजळतो, हे त्यांना या वयात कळत होतं. मग अंबूबाईंची भजनं आली. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत. मग तालमीचा पृथ्वीराज आला. त्याच्याकडे पेठेच्या फुटबॉल संघाच्या साऱ्या मॅचेस होत्या, आणि हरलेल्या मॅचेससुद्धा शास्त्रासाठी जपायच्या होत्या. यज्ञेश्वररावांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. जिन्यावरून येताजाता लोक त्यांना नमस्कार करू लागले. निवृत्तीनंतर एवढे नमस्कार त्यांना मिळाले नव्हते.

हे सगळं लीलाबाई वाचून उठल्यावर, त्या देवळात किंवा भाजीला गेल्यावर व्हायचं. यज्ञेश्वरराव काही लपवत नव्हते. फक्त सांगत नव्हते.

असा आठवडा गेला. परीक्षा सोमवारी होती. शनिवारी दुपारी निशिगंधा शेवटची प्रकरणं न्यायला कागलहून येणार होती. चार प्रकरणं झाली होती. पाचवं, सिंचन आणि शेतीविकास, सगळ्यांत मोठं होतं. ते लीलाबाईंनी शनिवारी सकाळी उठल्या उठल्या वाचायला घेतलं. घसा दोन दिवस बसत आला होता, तरी गरम पाण्याचे घोट घेत त्यांनी ते एका दमात संपवलं. जतन करायचं बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली आणि गेली. त्यांनी फाइल उघडून पाहिली. नाव होतं. आत काही नव्हतं. आकार शून्य.

"अहो," लीलाबाईंनी हाक मारली, पण आवाज फुटला नाही.

यज्ञेश्वररावांनी येऊन पाहिलं आणि त्यांना येत होता तो एकमेव इलाज केला, म्हणजे संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. नाव आलं, परवलीचा शब्द विचारला गेला, त्यांनी तो टाकला. पडदा एकदा मिटला, आणि पुन्हा नाव आलं, पुन्हा परवलीचा शब्द. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. संगणक त्यांना दारातून आत घेत नव्हता. आणि नुसतं आजचं प्रकरण गेलं नव्हतं, आधीची चारही आतच अडकली होती.

"भरलं कसं?" लीलाबाईंनी विचारलं. नुसती हवा ऐकू आली, पण प्रश्न कळला.

यज्ञेश्वररावांनी सांगितलं. लग्न, भजनं, फुटबॉल. सांगताना त्यांनी नजर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

लीलाबाई रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "त्या पोरीला मी शब्द दिला होता," त्या घशातल्या घशात म्हणाल्या. "तिची जागा होती ती. तुम्ही ती वाटून टाकलीत." यज्ञेश्वररावांना स्वतःची फार लाज वाटली. उन्मेषला फोन लावला तर बंद; तो विमानात होता.

दारावर काठीचा आवाज झाला तेव्हा दोघंही दचकले. निशिगंधा चपला काढून, भिंतीला हात लावत आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसली. खोलीतली शांतता तिला लगेच कळली. "काय झालं काकू?"

लीलाबाईंना बोलवेना. म्हणून यज्ञेश्वररावांनी सगळं सांगितलं. शून्य केल्यापासून लग्नाच्या शूटिंगपर्यंत, काही न वगळता. घडलेलं क्रमवार सांगणं त्यांना जमायचंच.

निशिगंधा ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, ते पाच टक्के त्यासाठीच असत्यात. डिस्क गच्च भरली तरी मालकाला आत शिरून साफ करता यावं म्हणून. आता त्याला पडदा उघडायलासुद्धा जागा न्हाय."

"म्हणजे धरणाच्या तळाचा मृतसाठा," यज्ञेश्वरराव हळूच म्हणाले.

"आमच्या कॉलेजात हेच लिनक्स हाय, बोलणारं. मी त्यावरच शिकले. चित्रांचा काय उपयोग मला? आम्ही हुकमांवरच चालवतो." ती पुढे सरकून बसली. "कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन, एकदम दाबा."

दाबलं. रंगीत पडदा गेला आणि काळा आला, वर पांढरी अक्षरं. "काळं झालं गं," यज्ञेश्वरराव घाबरून म्हणाले.

"मग आता मला आणि तुम्हाला सारखंच दिसतंय," निशिगंधा म्हणाली. "फक्त ह्याला इथं बोलता येत न्हाय. तुम्ही वाचायचं. जे असंल ते सगळं. एक खूण सोडायची न्हाय."

आणि यज्ञेश्वरराव वाचू लागले. अक्षर न् अक्षर, उणे, टिंब, तिरकी रेघ, दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा. स्वर वरखाली न करता, काही आपल्या पदरचं न घालता, पडद्यावर होतं तेवढंच. निशिगंधा मान थोडी कलती करून ऐकत होती. मध्येच ती म्हणाली, "असंच, काका. अगदी असंच वाचत राहा." लीलाबाईंनी डोळे पुसून नवऱ्याकडे पाहिलं.

आता जागा करायची होती. "काय काढायचं?" निशिगंधाने विचारलं. "लग्न का फुटबॉल?"

"ती लोकांची ठेव आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "तिला हात लावता येणार नाही." मग स्वतःहूनच म्हणाले, "माझ्या कार्यालयीन प्रती काढ. दर वर्षाचं वेगळं फोल्डर आहे, पण सगळ्यांच्या नावाची सुरुवात 'कार्यालयीन' अशीच."

"इथं कचऱ्याची टोपली नसती, काका. गेलं की गेलं."

"जाऊ दे."

तिने पुसायचा हुकूम सांगितला. नावाला लागून शेवटी ताऱ्याची खूण घालायची, म्हणजे त्या नावाने सुरू होणारी सगळी फोल्डर एका दमात जातील. यज्ञेश्वररावांनी टाइप केलं. ठिकठिकाणचे नारळ आणि शाली त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. बोट एंटरकडे गेलं.

"आधी वाचा," निशिगंधा म्हणाली.

"आर, एम, मोकळी जागा, उणे, आर, मोकळी जागा, के, ए, आर, वाय, ए, एल, ए, वाय, आय, एन, मोकळी जागा, तारा."

"थांबा!" निशिगंधाचा हात हवेत उठला. "ताऱ्याच्या आधी मोकळी जागा हाय?"

"आहे की."

"एंटर दाबू नका काका! तेवढ्या एका जागेनं तारा एकटा पडला. एकटा तारा म्हणजे सगळं. तुमचं, काकूंचं, समदं पुसून गेलं असतं."

यज्ञेश्वररावांनी हात कीबोर्डवरून उचलून चक्क मांडीखाली ठेवला. वाचणाऱ्याने ओघात, अर्थ लावत वाचलं असतं तर ती रिकामी जागा कुणी उच्चारली नसती. लीलाबाईंनीही नसती. ती फक्त नोटीस वाचणाऱ्याच्याच तोंडून यायची. मग त्यांनी ती जागा खोडली, पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं, निशिगंधाने मान डोलावली, आणि आयुष्यभराच्या कार्यालयीन प्रती एका एंटरने गेल्या. संगणक काही बोलला नाही.

"आता ते ट्यून-टू-एफएस," निशिगंधा म्हणाली. "राखीव किती ठेवायचे? एक पुरे."

"पाच," यज्ञेश्वरराव म्हणाले. या बाबतीत त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही.

संगणक सुरू झाला. चारही प्रकरणं जागेवर होती. पाचवं नव्हतं, आणि लीलाबाईंच्या घशातून शब्द निघत नव्हता. निशिगंधाची परतीची एसटी संध्याकाळची होती.

लीलाबाईंनी पुस्तक उचललं, खूण घातलेलं पान उघडलं आणि ते यज्ञेश्वररावांच्या हातात दिलं.

"माझं नोटिशीसारखं होतं," ते म्हणाले. इतके दिवस गिळलेलं वाक्य शेवटी बाहेर आलं.

"व्हय, होतंय," निशिगंधा म्हणाली. "वाचा की, काका. कुठं काय सोडलंय ही शंका तरी नको राहायला."

ते वाचायला बसले. प्रकरण त्यांच्याच आयुष्याचं होतं. धरण, कालवा, पाण्याची वाटणी. दर परिच्छेदाला त्यांना थांबून सांगावंसं वाटलं की हे पुस्तकवाल्याला काय माहीत, खरं असं असतं. पण ते थांबले नाहीत. स्वल्पविरामाला स्वल्पविराम म्हणत आणि पूर्णविरामाला पूर्णविराम म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. लीलाबाईंनी त्या दिवशीही दोन भाकऱ्या जास्त केल्या होत्या. निशिगंधा त्या खाऊन, पेनड्राइव्ह पिशवीत नीट तळाशी ठेवून कागलला गेली.

पेपर झाल्यावर पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, काकवीची बाटली घेऊन. लीलाबाईंचा आवाज परत आला होता. "कसा गेला गं?"

"सिंचनावरच मोठा प्रश्न आला, काकू. माझी उत्तरं लिहायला लेखनिक होती ना, ती सारखी थांबवायची मला." निशिगंधाला हसू आवरेना. "म्हणायची, अगं तू सांगतीस त्यात स्वल्पविराम, पूर्णविराम कशाला सांगतीस? मी म्हटलं, मी असंच ऐकलंय, तसंच आठवतंय. कानात काकाच बोलत होते. एक ओळ सुटली न्हाय."

यज्ञेश्वरराव गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला, कारण त्यांना चेहरा झाकायचा होता.

खालून बाळासोने हाक दिली. "सायेब! म्हशींच्या शर्यतीचं शूटिंग हाय. जागा हाय का न्हाय तुमच्यात?"

यज्ञेश्वरराव कठड्यापाशी आले. "आहे," ते म्हणाले. "पण राखीव आहे."

बाळासो कट्ट्यावर हात ठेवून वर बघत राहिला. "आता आनि कुणासाठी राखीव?"

आत लीलाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या. यज्ञेश्वररावांनी एकदा तिकडे पाहिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "येतं कुणीतरी."